गळाला लागलेला मासा कोणता? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नारळी पौर्णिमा होऊन समुद्र निवळू लागला की हौसेने गळ टाकणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. त्यांतल्या बहुतेकांची अडचण सारखीच असते. मासा हाती आला, पण तो कोणता हे सांगणारे जवळ कोणी नव्हते, किंवा सांगणारे चौघे होते आणि चौघांनी चार नावे सांगितली. या अंकासाठी अशाच काही पत्रांची निवड केली आहे.

प्रश्न : अलिबागजवळच्या एका खाडीच्या मुखाशी संध्याकाळच्या भरतीला जिवंत कोळंबी लावून बसलो होतो. सुमारे दोन किलोचा, पाठीकडे हिरवट-तपकिरी असलेला मासा लागला. मित्राने तो जिताडा असल्याचे सांगितले. घरी आल्यावर वडील म्हणाले, ही तांबोशी आहे. लाल रंग तर कुठेच दिसत नव्हता. छायाचित्र सोबत पाठवत आहे.

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे बरोबर आहे. छायाचित्रात माशाचे तोंड उघडे आहे, ही फार उपयोगाची गोष्ट झाली, कारण जबड्याच्या पुढच्या भागातले सुळे त्यात स्वच्छ दिसतात. असे सुळे तांबोशीला असतात. जिताड्याच्या जबड्यात बोट फिरवले तर कानशीसारखा खरखरीत पट्टा लागतो, टोकदार दात लागत नाहीत. तांबोशीच्या तोंडात मात्र कोणीही बोट घालू नये, कारण गळ सोडवताना तिने घेतलेला चावा खोल जातो.

तोंड मिटलेले असते तरीही तीन खुणांवरून निर्णय करता आला असता. पहिली खूण कपाळाची. जिताड्याचे डोके बाजूने पाहिले तर नाकाडापासून पाठीकडे जाणारी रेषा डोळ्याच्या वर आत खचलेली दिसते आणि मग पाठीचा उंचवटा एकदम सुरू होतो, तर तांबोशीचे कपाळ सरळ उतरत्या छपरासारखे असते. दुसरी खूण शेपटीची. जिताड्याची शेपटी पंख्यासारखी गोल असते, तांबोशीची मागच्या कडेला जवळपास सरळ किंवा किंचित आत वळलेली असते. तिसरी खूण पाठीवरच्या पराची. जिताड्याच्या पाठीवर काटेरी भाग आणि मऊ भाग यांच्यामध्ये इतकी खोल खाच असते की ते दोन वेगळे पर वाटावेत, तर तांबोशीचा पर एकसंध चालत जातो. याशिवाय जिताड्याचा वरचा जबडा डोळ्याच्याही मागे पोहोचतो आणि अंधारात विजेरीचा प्रकाश पडला की त्याचा डोळा गुलाबी-लालसर चमकतो. रात्री जेटीवर बसणाऱ्यांना एवढी चमकही पुरते.

रंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण निम्म्या पत्रांतला घोळ रंगामुळेच झालेला असतो. तांबोशी हे नाव तांबूस रंगावरून पडले असले तरी खाडीत वाढणारी तांबोशी बहुधा तपकिरी, हिरवट किंवा गढूळ तांब्यासारखी असते. मोठी होऊन ती खाडी सोडते, बाहेरच्या खडकाळ पाण्यात जाते आणि तिथे तिच्यावर लाली चढते. अगदी लहान तांबोशीच्या अंगावर पांढुरके उभे पट्टे आणि डोळ्याखाली एक-दोन निळ्या रेषा असतात, त्यामुळे पुष्कळांना ती वेगळीच जात वाटते. जिताड्याचेही तसेच आहे. समुद्रातला जिताडा चांदीसारखा चकाकतो, खाडीच्या आतल्या गढूळ पाण्यातला काळपट-पितळी दिसतो, आणि त्याचे पिल्लू तर तपकिरी चट्ट्यांचे असून त्याच्या नाकाडापासून पाठीपर्यंत कपाळावर एक पांढुरका पट्टा असतो. पेणच्या बाजूने दरवर्षी एखादे तरी पत्र अशा 'कपाळावर गंध लावलेल्या' माशाविषयी येते. ते जिताड्याचे पोर असते आणि त्याला पाण्यात परत सोडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक सावधगिरी. जिताड्याला टोकदार दात नसले तरी त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि तिथे एक मजबूत काटाही असतो. कल्ल्यात बोटे घालून त्याला उचलण्याची सवय असेल तर ती सोडावी. खालचा जबडा अंगठा आणि बोटांत धरून दुसरा हात पोटाखाली दिला की मासाही सुखरूप राहतो आणि आपला हातही.

प्रश्न : देवगडहून मित्राच्या होडीने बाहेर गेलो असताना मागे ओढत नेलेल्या बनावट आमिषाला एक हात लांबीचा मासा लागला. अंगावर ठिपके असल्यामुळे आम्ही तो तोवर समजलो. बाजारात एका बाईंनी तो लहान सुरमई आहे असे ठामपणे सांगितले. ठिपके असलेली सुरमई असते का?

उत्तर : असते, आणि त्या बाईंची नजर पक्की आहे. सुरमईच्या अंगावरच्या उभ्या, किंचित नागमोडी रेघा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पूर्ण वाढलेल्या माशावर त्या 40 ते 50 असू शकतात, परंतु लहान सुरमईवर त्यांची संख्या बहुधा 20 पेक्षाही कमी असते आणि रेघांच्या जागी अनेकदा मोठे ठिपके दिसतात. तोवरच्या अंगावर गोल ठिपक्यांच्या साधारण तीन वेड्यावाकड्या ओळी असतात. त्यामुळे हातभर लांबीचे दोन मासे शेजारी ठेवले की फसगत होते. मीही एकदा असाच फसलो होतो आणि 'तोवर' म्हणून वहीत केलेली नोंद पुढे खोडावी लागली होती.

ज्या खुणेवर मी आज विसंबतो ती पार्श्वरेषा होय, म्हणजे कल्ल्यामागून शेपटीपर्यंत अंगावरून जाणारी बारीक रेषा. सुरमईच्या अंगावर ती पाठीशी समांतर चालत जाते आणि पाठीवरचा दुसरा पर जिथे संपतो त्याच्या खाली एकदम घसरते, घाटातला रस्ता एका वळणावर खाली उतरावा तशी. तोवरची रेषा अशी कोसळत नाही. ती हळूहळू शेपटीकडे उतरते आणि पुढच्या भागात तिला अनेक बारीक फांद्या फुटलेल्या दिसतात. मासा ओला असताना त्याला उजेडाकडे किंचित कलता धरला की रेषा स्पष्ट उमटते. तोवरच्या पाठीवरच्या पहिल्या पराचा पुढचा भाग काळा आणि मागचा पांढरा असतो, तोही पाहून घ्यावा. ठिपके लांबट होऊन आडव्या तुटक रेषांसारखे दिसत असतील तर ती सुरमईच्या कुळातली तिसरी जात आहे.

गोव्याकडचे नातेवाईक 'इसवण' म्हणतात ती हीच सुरमई, हे लक्षात ठेवावे, म्हणजे नावावरून वाद होणार नाही. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. तो नियम व्यावसायिक मासेमारीला समोर ठेवून केलेला असला तरी हौसेने गळ टाकणाऱ्यानेही आपल्या हातातला मासा लहान सुरमई आहे की पूर्ण वाढलेली तोवर, हे जाणून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. तोवर ही सुरमईपेक्षा लहान राहणारी जात आहे. त्यामुळे हातभर लांबीची तोवर वयात आलेली असू शकते, तर तेवढ्याच लांबीची सुरमई अजून कोवळी असते.

प्रश्न : मालवणच्या बाहेर खोल पाण्यातल्या खडकावर गळ सोडला होता. नारिंगी ठिपक्यांचा, मोठ्या तोंडाचा मासा वर आला. नावाड्याने गोबरा म्हटले, मुंबईच्या पाहुण्यांनी हेकरू म्हटले. माशाच्या तोंडातून गुलाबी फुगा बाहेर आला होता. ती जीभ होती का? आणि संरक्षित गोबरा असतो असे ऐकले आहे, तो हाच का?

उत्तर : गोबरा आणि हेकरू ही दोन्ही नावे एकाच कुळातल्या माशांसाठी वापरली जातात, तेव्हा नावाडी आणि पाहुणे दोघेही बरोबर आहेत. पुढे आलेला खालचा जबडा, कल्ल्याच्या झाकणावर मागे रोखलेले तीन चपटे काटे, बारीक खवले आणि बहुतेक जातींत गोल शेपटी, ही या कुळाची लक्षणे आहेत. आपल्या किनाऱ्यावर गळाला लागणाऱ्या बहुतेक गोबऱ्यांच्या पाठीवरच्या परात 11 काटे असतात. जात ठरवताना मात्र ठिपक्यांचा रंग आणि मांडणी पाहावी लागते आणि तिथे घाई करून चालत नाही, कारण गोबरा घाबरला की काही क्षणांत त्याच्या अंगावरचे पट्टे गडद होतात किंवा पुसट होतात. आपण वर्णन केलेला मासा, म्हणजे डोक्यावर आणि अंगावर नारिंगी-तपकिरी ठिपके आणि बाजूंवर पाच पुसट तिरके पट्टे, हा आपल्या खाड्या आणि खडकांवर सर्रास मिळणारा नारिंगी ठिपक्यांचा गोबरा आहे.

संरक्षित आहे तो महाकाय गोबरा. त्याची वाढ अडीच मीटरच्याही पुढे जाते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला पकडण्यास मनाई आहे, जशी ती व्हेल शार्क, करवत मासा आणि समुद्रघोडा यांनाही आहे. अडचण अशी की महाकाय गोबराही आधी लहान असतो. त्याच्या पिल्लांवर पिवळ्या रंगावर काळे, अनियमित पट्टे असतात, मध्यम वयात अंगावर पांढुरके-पिवळसर चट्टे उरतात आणि परांवर असंख्य काळे ठिपके दिसतात. डोके रुंद आणि डोळा डोक्याच्या मानाने फार लहान असतो. अशी लक्षणे दिसली तर मोजमापाच्या भानगडीत न पडता दोरी कापून त्याला सोडून द्यावे.

तोंडातून आलेला फुगा ही जीभ नव्हती. ते माशाचे जठर होते. खोलातून भराभर वर ओढल्यावर पाण्याचा दाब कमी होतो, पोटातली हवेची पिशवी फुगते आणि जठराला उलटे करून तोंडावाटे बाहेर ढकलते. पुष्कळ जण दया येऊन तो फुगा सुईने टोचतात. त्यामुळे जठराला भोक पडते, हवा मात्र जिथल्या तिथेच राहते. असा मासा वरच्या पाण्यात सोडला तर तो बुडी मारू शकत नाही, उलटा तरंगत राहतो आणि घारी-बगळ्यांच्या तोंडी जातो. त्याला परत पाठवायचेच असेल तर जड शिसे बांधलेल्या, काटा मोडलेल्या उलट्या गळाने खालच्या ओठाला अडकवून खोलवर उतरवावे आणि तळाशी हलका झटका देऊन मोकळे करावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे हवा तेवढा मासा मिळाल्यावर त्या खोलीवर पुन्हा गळ न सोडणे. गोबरे आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात, त्यामुळे एखाद्या खडकावरचे सगळे मोठे गोबरे काढले तर मागे माद्याच उरतात.

प्रश्न : वसईच्या किनाऱ्यावर मिळालेला रुपेरी मासा हातात घेतल्यावर मोठमोठ्याने करकरत होता. हा घोळ असेल का? घोळीच्या भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, खूप किंमत मिळते असे वाचले आहे.

उत्तर : आवाज करणारे दोन वेगळे गट आपल्या गळाला लागतात. करकरा हा घशातले दात एकमेकांवर घासून आवाज काढतो, त्यावरूनच त्याला ते नाव मिळाले असावे. ढोमी, कोथ आणि घोळ हे दुसऱ्या कुळातले मासे हवेच्या पिशवीलगतचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात. कानाला फरक कळेलच असे नाही, म्हणून मासा उलटा करून पोटाखालच्या मागच्या पराचे, म्हणजे गुदपराचे, काटे मोजावेत. करकऱ्याला ते 3 असतात आणि दुसरा काटा चांगलाच जाड असतो. ढोमी-घोळीच्या कुळात फक्त 2 असतात, आणि त्यांची पार्श्वरेषा शेपटीच्या मुळाशी न थांबता थेट शेपटीच्या टोकापर्यंत जाते. आपल्या छायाचित्रात 3 काटे दिसतात, तेव्हा तो करकरा आहे. घोळीच्या पाठीवर आणि परांवर काळे ठिपके असतात. भोताच्या किमतीच्या बातम्या मोठ्या आकाराच्या घोळींच्या असतात, त्या वाचून लहान घोळ मारण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : माझा 10 वर्षांचा मुलगा सिंधुदुर्गात आजोळी गेला असताना जेटीवर गळ टाकायला शिकला. त्याला फुगणारे मासे वारंवार लागतात. आजूबाजूची मुले म्हणतात, साफ करून खाल्ले तर चालते. मला काळजी वाटते.

उत्तर : आपली काळजी योग्य आहे. हा केंड मासा आहे आणि तो कोणीही, कसाही साफ केला तरी खाऊ नये. त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि अनेक जातींत त्वचेतही असणारे विष शिजवल्याने नष्ट होत नाही. ते पोटात गेल्यास आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, मग हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास घेणारे स्नायू थांबतात. त्यावर उतारा म्हणून देता येईल असे औषध नाही. रुग्णालयात यंत्राने श्वास चालू ठेवणे, एवढाच आधार असतो. चुकून खाल्ला गेला तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मुलाला हा मासा ओळखायला शिकवणे मात्र सोपे आहे. केंडाला इतर माशांसारखे खवले नसतात, अंग गुळगुळीत किंवा बारीक काट्यांचे असते, पोटाखाली पुढच्या बाजूला पर नसतात आणि तोंडात वर दोन व खाली दोन अशा चार पट्ट्यांची पोपटासारखी चोच असते. ही चोच गळाची तंगूस दोरी सहज कापते, बोटही कापू शकते. गळ पक्कडीने सोडवावा. त्याला फुगवण्यासाठी मुले हाताळत बसतात, ते थांबवावे, कारण पाण्याबाहेर हवा भरून फुगलेल्या माशाला नंतर पाण्यात बुडणे कठीण जाते.

प्रश्न : खाडीत शिंगाळा सोडवताना त्याचा काटा तळहातात गेला. वेदना तीन-चार तास थांबल्या नाहीत. घरी हळद लावली. आणखी काय करायला हवे होते?

उत्तर : शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि छातीच्या दोन्ही परांत एकेक असे तीन दातेरी, विषारी काटे असतात. मिशा आणि खवलेविरहित चिकट अंग दिसताच हात मागे घ्यावा आणि पक्कड काढावी. काटा लागल्यास जखम स्वच्छ धुऊन तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण 45 अंशांपर्यंतच्या, अर्धा ते दीड तास ठेवावा. वेदना त्याने लक्षणीय कमी होतात. बधिर हाताला चटका कळत नाही, म्हणून पाण्याची ऊब दुसऱ्या हाताने पाहावी. दातेरी काट्याचा तुकडा आत राहतो आणि जखम चिघळते, तेव्हा डॉक्टरांना दाखवून धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. पाकटाच्या शेपटीचा काटा लागल्यासही प्रथमोपचार हाच आहे, मात्र ती जखम खोल असते आणि छातीवर किंवा पोटावर असेल तर रुग्णालयात जाण्यास क्षणाचाही विलंब करू नये.

प्रश्न : आम्ही मूळचे रत्नागिरीचे, आता ब्रिस्बेनला असतो. इथे उत्तरेकडे सहलीला गेलो असताना एका नदीच्या मुखाशी मला 123 सेंटीमीटरचा बॅरामुंडी लागला. तो हुबेहूब आपल्या जिताड्यासारखा दिसत होता. पण सोबतच्या वाटाड्याने तो लगेच सोडायला लावला. लहान मासा सोडायचा हे समजते, इतका मोठा का सोडायचा? आणि रावसासारखा दिसणारा एक मासाही मिळाला, तो रावसच का?

उत्तर : आपण जो मासा धरला होता तो जिताड्यासारखा नव्हे, जिताडाच होता. रायगडच्या खाडीतला जिताडा, गोव्याचा चणक आणि क्वीन्सलंडचा बॅरामुंडी यांचे शास्त्रीय नाव एकच आहे. तिकडचे बॅरामुंडी हे नाव तिथल्या आदिवासी भाषेतून आले असून त्याचा अर्थ मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा असा सांगतात. तिथे खारफुटीच्या मुळांशी आपल्याला 'मँग्रोव्ह जॅक' मिळाला असेल तर ती तांबोशी समजावी, आणि 'स्पॅनिश मॅकरेल' मिळाला तर ती सुरमई.

रावसाची खातरजमा त्याच्या छातीच्या पराखाली लोंबणाऱ्या सुट्या दोऱ्यांवरून करावी. त्या प्रत्येक बाजूला 4 असतील, नाकाड पुढे आलेले असेल आणि तोंड त्याच्या खाली असेल तर तो रावस. आपल्याकडच्या बाजारात रावसाजवळ ठेवला जाणारा दाढा असतो, त्याला 5 दोऱ्या असतात. दोऱ्या पोटाला चिकटून बसतात, म्हणून मासा पाण्यात धरून मोजाव्यात.

मोठा मासा सोडायला लावण्याचे कारण जिताड्याच्या आयुष्यक्रमात आहे. बहुतेक जिताडे आधी नर म्हणून वयात येतात आणि काही वर्षांनी, पुष्कळ मोठे झाल्यावर, मादी होतात. म्हणून मीटरभराहून लांब जिताडा जवळजवळ नेहमी मादी असतो आणि एका हंगामात लाखोंनी अंडी घालतो. क्वीन्सलंडमध्ये काही जलाशयांचा अपवाद सोडला तर 58 सेंटीमीटरपेक्षा लहान आणि 120 सेंटीमीटरपेक्षा मोठा बॅरामुंडी ठेवता येत नाही, तो याच हिशेबाने. अशी मोठी मादी हाती आली तर तिला जबड्याला धरून उभी टांगू नये, कारण तिच्या स्वतःच्या वजनाने मानेच्या आणि पाठीच्या सांध्यांना इजा होते. एक हात जबड्याशी आणि दुसरा पोटाखाली देऊन तिला आडवी धरावी, छायाचित्र एकच काढावे, आणि मग तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात हलकेच आधार द्यावा. कल्ले नियमित उघडमीट करू लागले आणि शेपटीने आपल्या मनगटाला धक्का दिला की हात काढून घ्यावा.